‘अपर’ आणि ‘अवर’: सचिवांच्या पदनामांविषयी

प्रश्न: शासन निर्णयाखाली बहुधा ‘अवर सचिव’ यांची सही असते, तर बातम्यांत ‘अपर मुख्य सचिव’ असा उल्लेख येतो. हे दोन्ही शब्द एकच आहेत का? आणि विभागाचा प्रमुख नेमका कोणाला म्हणावे?

उत्तर: एकच तर नाहीतच, उलट मंत्रालयाच्या उतरंडीत त्यांच्यात बरेच अंतर आहे. ‘अवर’ म्हणजे खालचा, कनिष्ठ. म्हणून अवर सचिव हा कक्ष अधिकाऱ्याच्या वर, पण उप सचिवाच्या खाली असतो. ‘अपर’ म्हणजे दुसरा, आणखी एक. अपराह्ण या शब्दात तोच आहे. इंग्रजी ‘अप्पर’शी त्याचा काही संबंध नाही, जरी ऐकणाऱ्याला तसे वाटते आणि इथे ते योगायोगाने खपूनही जाते. ‘अतिरिक्त’ हा पर्याय वृत्तपत्रे वापरतात. परंतु ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हटले की गरजेपेक्षा जास्त ठरलेला शिक्षक डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे पदनामात ‘अपर’च बरा.

मात्र अपर मुख्य सचिव हा मुख्य सचिवांचा मदतनीस असतो, असा अर्थ काढू नये. सचिव, प्रधान सचिव आणि अपर मुख्य सचिव या अधिकाऱ्याच्या ज्येष्ठतेच्या पायऱ्या आहेत. विभागाची तीच खुर्ची आज प्रधान सचिवाकडे, तर उद्या अपर मुख्य सचिवाकडे असू शकते. धारिका (फाइल) सहायक कक्ष अधिकाऱ्यापासून वर चढत त्या खुर्चीपर्यंत आणि आवश्यक तेथे मंत्र्यांपर्यंत जाते, निर्णय तेथे होतो, आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली सही मात्र पुष्कळदा अवर सचिवाची येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 नुसार आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो आणि प्राधिकृत अधिकारी तो प्रमाणित करतो, म्हणून हे विसंगत नाही.

पुरवणी: ‘विभागप्रमुख’ या शब्दाबाबत थोडी भर घालतो. बोलताना आपण सचिवांना तसे म्हणतो. वित्तीय अधिकारांच्या नियमांत मात्र सचिवांचा तो ‘प्रशासकीय विभाग’ आणि ‘विभाग प्रमुख’ म्हणजे त्याच्या अधिपत्याखालील आयुक्त किंवा संचालक. कृषी विभागाचे सचिव मुंबईत मंत्रालयात बसतात, तर कृषी आयुक्त पुण्यात. ‘विभागीय आयुक्त’ या पदनामातील विभाग तर खातेही नव्हे. तो राज्याच्या 6 महसुली विभागांपैकी एक, म्हणजे काही जिल्ह्यांचा प्रदेश होय.