रायफलचा झटका फार बसतोय, पॅड कोणतं घेऊ? (मदत हवी आहे)

शिरपूरचा_भाऊ
पाच-सहा गोळ्या झाल्या की खांदा काळानिळा पडतो, गालाच्या हाडावर वेगळाच फटका बसतो. आता तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. रविवारी पुन्हा रेंजवर जायचंय. पॅड कोणतं घेऊ तेवढं सांगा, लांबण नको.

तापीकाठ
बंदूक कोनती शे ते त पहिले सांग ना भाऊ! ३१५, बावीस की बारा बोर? बसून मारतोस की उभ्यानं?

केळीवाले_नाना
डुकरं बागेत शिरून केळीचं नुकसान करतात, म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्याबद्दल बरेच जण विचारतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली आणि जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत द्या.

शिरपूरचा_भाऊ
नाना, परवाना आहे माझ्याकडे. ३१५ बोरची रायफल आहे, सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची, दस्ता (नळीखालचं आणि खांद्याला टेकवायचं लाकूड) लाकडी. बेंचवर बसून मारतो. आता पॅड सांगा.

यावल_रेंज
पॅड नंतर. आधी मार कुठे बसतो ते नीट बघ, त्यावरून कारण कळतं.
गळ्याजवळच्या हाडावर डाग असेल तर बट, म्हणजे दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक, फार वर आणि आत लागतेय. दंडाच्या स्नायूवर असेल तर बट बाहेर सरकलीय. काखेजवळ छातीत एकाच ठिकाणी टोचत असेल तर बटचं खालचं टोक आधी टेकतंय, म्हणजे मागच्या कडेचा कल तुला जुळत नाही. उजव्या हाताचं मधलं बोट ठेचत असेल तर चापाच्या कडीमागची पकड ढिली आहे. नाकावर अंगठा आदळत असेल तर दस्ता आखूड पडतोय, किंवा अंगठा वरून पलीकडे टाकतोयस. यातलं तुझं कोणतं?

शिरपूरचा_भाऊ
गळ्याजवळच्या हाडावर. आणि गाल.

चोपडा_अण्णा
कशाला एवढा शोध? तीन किलो वाळूची पिशवी बट आणि खांद्याच्या मधे घालायची, झटका गायब. नाहीतर वजन टाकायचं लोखंडी स्टँड मिळतं, त्यात बट अडकवून वर वीस किलो ठेवा. पोरगंसुद्धा मारेल.

यावल_रेंज
अण्णा, लाकडी दस्त्याला ते वीस किलोचं स्टँड लावू नका. खांदा मागे जातो, वजन जात नाही. बट अडली की सगळा जोर दस्त्याच्या बारीक गळ्यावर येतो आणि लाकूड तिथेच, रेषेच्या दिशेनं तडकतं. वाळूची पिशवी मात्र चालेल. ती खांद्याबरोबर मागे सरकते आणि दाब मोठ्या भागावर पसरवते. पण ती फक्त झिरो करताना, म्हणजे नेम जुळवून घेताना. तिच्यामुळे बट इतकी लांब पडते की नेहमीची मांड राहत नाही.

चोपडा_अण्णा
ते स्टँड कंपन्या विकतात ते काय उगाच?

यावल_रेंज
कृत्रिम दस्त्यावर कमी वजन ठेवून वापरा की. प्रश्न लाकडाचा आहे.
भाऊ, बेंचवर गळ्याजवळ मार बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रेस्ट (रायफल टेकवायचा आधार) खूप बुटका. तू पुढे वाकतोस, मान खाली जाते, खांद्याची खोबण मिटते, बट हाडावर चढते आणि सगळं धड तिच्या मागे गच्च बसतं. उभ्यानं मारताना अंग मागे झुलतं, म्हणून तीच गोळी कमी लागते. रेस्ट इतका उंच कर की पाठ जवळपास ताठ राहील. वाळूची पिशवी नळीखाली नको, पुढच्या लाकडाखाली ठेव. पट्ट्याची कडी पिशवीला अडकत नाही ना बघ. डावा हात टेबलावर मोकळा सोडू नकोस, पुढचं लाकूड धरून बट खांद्याकडे ओढून ठेव. मधे बोटभर फट राहिली तर रायफल वेग घेऊन येते आणि ठोसा बसतो. घट्ट टेकवलेली असेल तर तोच धक्का ढकलल्यासारखा लागतो.

तापीकाठ
गालाचं मात्र वेगळं कारण असणार. दुर्बीण आहे का रे वर?

शिरपूरचा_भाऊ
आहे, ४ पट. त्याचा काय संबंध?

तापीकाठ
सगळा संबंध तोच शे. हा दस्ता नळीवरच्या माशी आणि खाचेतून (साध्या नेमातून) बघण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून गालाची कड खाली उतरती असते. दुर्बीण त्याच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर बसते. तू डोका उचलून बघतोस, गाल टेकत नाही, फक्त जबडा टेकतो. गोळी सुटली की दस्ता मागे आणि वर येतो, मधली फट पार करून गालाच्या हाडावर आदळतो.
पैसे न खर्चता तपास कर. रायफल रिकामी, कक्ष (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासलेला. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल आरामात टेकव, मग डोळा उघड. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसायला हवा. खाली काळी कड दिसली तर डोळा अजून खाली आहे, म्हणजे गालाची जागा उंच करावी लागेल. योगाच्या चटईचे तुकडे एकावर एक ठेवून क्रेप बँडेजनं बांध आणि गोल पूर्ण दिसेपर्यंत थर वाढव. मग तेवढ्या उंचीचं पट्ट्याचं गालपॅड घे. एक काळजी घे : बोल्ट (काडतूस आत सरकवणारा दांडा) मागे ओढताना थराला लागता कामा नये, म्हणून थर थोडे मागे बांध. डोळा आणि दुर्बिणीच्या काचेत आठ-नऊ सेंटिमीटर ठेव, नाहीतर भुवई फुटेल.

अमळनेर_आबा
लाकूड घडवायचं असेल तर गावातल्या चांगल्या सुताराकडून मागचा दस्ता एक इंच कापून रबर बसवून घ्या. स्वस्तात होईल.

यावल_रेंज
आबा, बंदूक विनापरवाना माणसाच्या ताब्यात देता येत नाही. ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच. कापणं परत जोडता येत नाही, म्हणून आधी चढवायचं पॅड लावून लांबी जुळते का बघा. रायफल खांद्याला लावल्यावर अंगठ्याच्या बुडापासून नाकापर्यंत दोन-तीन बोटं अंतर राहिलं की लांबी बरोबर.

शिरपूरचा_भाऊ
मग पॅड घेऊ का नको?

यावल_रेंज
घे, पण पातळ, अर्ध्या ते पाऊण इंचाचं. जाड घेतलंस तर लांबी वाढते, बट खोबणीत न बसता बाहेर दंडावर जाते. नख दाबून बघ, खळगा पडून लगेच भरला पाहिजे. जुनं रबर कडक झालेलं असतं, त्याचा उपयोग नाही. कापडी जाकीट घालणार असलास तर त्याच कपड्यावर लांबी मोज.

चोपडा_अण्णा
नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकून झटका कमी करणारा तुकडा) बसवला की एवढं सगळं करायची गरजच नाही.

तापीकाठ
त्यासाठी नळीला आटे पाडावे लागतात, आणि आवाज बाजूला फेकला जातो. पत्र्याच्या शेडखाली शेजारच्या बेंचवाल्याचे कान जातील. भाऊचे डोळे मिटतात ते निम्मं आवाजामुळे. आधी कानात फोमचे प्लग आणि वरून मफ, दोन्ही. मग बघ किती फरक पडतो.

अमळनेर_आबा
वजन वाढवलं तर? छऱ्यांची पिशवी बटला बांधून?

यावल_रेंज
फरक पडतो. गोळी तीच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात असते. साडेतीन किलोच्या रायफलला ३५० ग्रॅम जोडलं की ऊर्जा साधारण ९ टक्के कमी. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम, त्यामुळे हलकी रायफल झटका देणारच. पण सगळं वजन बटला गेलं की पुढचं टोक हलकं होतं आणि उभ्यानं नेम डुलतो.
काडतूस उघडून बारूद कमी करायचा विचार कोणी मनातही आणू नका. सावकाश जळणारी बारूद अर्धवट भरली तर दाबाचा भरवसा राहत नाही.

शिरपूरचा_भाऊ
रेस्ट उंच करतो, गालाला चटई बांधतो. डोळे मिटतात त्याचं काय?

तापीकाठ
सोबत्याला मॅगझिन भरायला सांग. दोन-तीन खरी गोळी, मधेच कुठेतरी डमी (बारूद नसलेलं काडतूस), तुला क्रम माहीत नको. डमीवर चाप ओढला आणि नळीचं टोक खाली डुबकलं, तर झटक्याची भीती शे. मग त्या दिवशी ३१५ बाजूला ठेव आणि बावीस किंवा एअर रायफलवर चाप सावकाश दाबायचा सराव कर. ३१५ च्या एका बैठकीत दहाच्या वर गोळ्या मारू नकोस, दमलेला खांदा लवकर आखडतो.
आणि हाताला मुंग्या येत असतील तर रविवार सोड, आधी डॉक्टरला दाखव.

शिरपूरचा_भाऊ
मुंग्या नाहीत. पण बटची लोखंडी पट्टी जरा हलते, दोन स्क्रूपैकी खालचा फिरतच राहतो.

यावल_रेंज
हे आधी सांगायचं ना. भोक खाल्लं गेलंय. पट्टी हलली की तिची कड खांद्यात रुतते, वर पॅड चढवलं तरी. स्क्रू काढ, भोकात सागाची बारीक खुंटी लाकडाच्या गोंदानं बसव, रात्रभर सुकू दे, मग स्क्रूच्या मधल्या दांड्यापेक्षा बारीक भोक पाडून तोच स्क्रू मेण लावून पिळ. जाड स्क्रू लावू नकोस, खालच्या टोकाचं लाकूड पातळ असतं, चिरेल.