मदत हवी आहे : खेड्यात वापरायला नवी गाडी, डिझेल की सीएनजी की बॅटरीची? लवकर सांगा

कास्तकार_दारव्हा
नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे. २०१४ ची डिझेल डिझायर होती, ती आता काढून राहिलो. अगदी तशीच पाहिजे, पण मारुतीत आता डिझेल येतच नाही म्हणतात. एका शोरूमवाल्यानं सीएनजी सांगितली, साळा म्हणते इलेक्ट्रिक घ्या, मोठा भाऊ म्हणते बोलेरोशिवाय आपल्याकडे काही टिकत नाही. कापसाचे पैसे हातात आहेत तोवर बुकिंग करायचं आहे. कोणती घेऊ? नाव सांगा फक्त, लांबण नको.

संत्रापट्टा
रोजचं रनिंग किती? घरात माणसं किती? बजेट? रस्ता डांबरी की पांदण? गाडी उभी कुठं राहते? एवढं कळल्याशिवाय नाव कसं सांगता येईल भाऊ.

बोलेरोवाला_उमरखेड
बोलेरो घ्या. २००० साली आली, अजून चालूच हाये. चेसीवर बांधलेली, मागची चाकं ढकलतात, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद २१० न्यूटन मीटर. खताचे पोते टाका, माणसं टाका, चढावर पहिला गिअर मागत नाही. आपल्या जिल्ह्यात कोणत्याबी गावात जा, तिचं काम येणारा मिस्त्री भेटतेच. काळ्या मातीत पुढच्या चाकाच्या गाड्या आषाढात फसल्या का ट्रॅक्टर लावाच लागते.

मूळचा_वणीचा_आता_पुण्यात
बोलेरो सुचवण्याआधी एक गोष्ट पाहा. बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्या माणसांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे एकच तारा मिळाला. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्येच मोठ्या माणसांसाठी पाच तारे होते, टाटाच्याच पंचला २०२१ मध्ये. शिवाय निओच्या शेवटच्या सीट आडव्या आहेत, एकमेकांकडे तोंड करून बसायच्या. तिथे पोरांना बसवून हायवेला नेणं मला पटत नाही. गाडी घेताना आधी घरातल्यांच्या जिवाचा विचार करावा, मग चिखलाचा.

बोलेरोवाला_उमरखेड
पुण्यात बसून चिखल कळत नाही दादा. निओ म्हणजे टीयूव्ही ३०० चं नवं नाव, मी जुन्या बोलेरोची गोष्ट करून रायलो. आणि ताऱ्यानं गाडी गाऱ्यातून निघत नाही.

मूळचा_वणीचा_आता_पुण्यात
माझं बालपण वणीतच गेलं, चिखल मला शिकवू नका. गाऱ्यात अडकलेली गाडी दुसऱ्या दिवशी निघते. हायवेवर गेलेला माणूस परत येत नाही.

कास्तकार_दारव्हा
अहो भांडू नका. रनिंग जास्त नाही. बजेट दहा-बारा. रस्ता खेड्याचा असते तसाच. माझा प्रश्न साधा आहे, डिझायरसारखी डिझेल गाडी कोणती?

अमरावती_कॅम्प
पेट्रोल घेत असाल तर ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, विचार करून घ्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं पडतंच, ते सरकारनंही मान्य केलं आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याला चालतील असे दिलेले आहेत. जुन्या गाडीवाल्यांनी फ्युएल पाइप तपासून घ्यावेत. दुसरी बाजू अशी की इथेनॉलला मका लागतो, मक्याला गिऱ्हाईक वाढलं, हे कास्तकारांनी विसरू नये. मी तरी या धोरणाच्या बाजूनं आहे.

कास्तकार_दारव्हा
मी पेट्रोल विचारलंच नाही.

संत्रापट्टा
सीएनजी विचारली ना? गॅस संपला की ती पेट्रोलवरच चालते, म्हणून ई-२० तुम्हालाही लागू होते. आणि "जास्त नाही" म्हणजे किती हो? दिवसाला पाच किलोमीटर की पन्नास? यावरच सगळं आहे.

पुसद_गॅरेज
आधी डिझायरचं सांगतो. तिच्यातलं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन फियाटच्या डिझाइनचं. मारुती, टाटा, फियाट तिघांच्याही गाड्यांत तेच होतं. रांजणगावलाही बनत होतं. माझ्याकडं अशी इंजिनं अजूनही येतात, तीन लाखांच्या वर पळालेली, आणि आवाज सोडला तर तक्रार नसते. फार प्रामाणिक इंजिन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धूर कमी करायचा नियम आला, लहान डिझेलले त्याचं सगळं सामान लावाचं म्हटलं तं गाडीची किंमत लय चढत होती, आणि डिझेल-पेट्रोलच्या भावातला फरकही कमी झालता. मारुतीनं डिझेल बंदच केलं. रेनॉ, निसान, फोक्सवॅगन, स्कोडा यायनंही तेव्हाच इकडली डिझेल सोडली.
आज हॅचबॅकमध्ये डिझेल पाहिजे असंल तं एकच नाव, टाटा अल्ट्रोझ. १४९७ सीसी. त्याच्या वरती चार मीटरच्या आतल्या उंच गाड्या : नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, आणि दोन्ही बोलेरो. झालं नाव सांगून.
पण आता माझा प्रश्न. भाऊ, एका वेळेला गाडी सुरू केली का किती दूर जाता? खरं सांगजा.

कास्तकार_दारव्हा
अल्ट्रोझ, हे पाहिजे होतं. धन्यवाद.
रोज शेतात. चारेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. कधी तालुक्याला बँकेत, कृषी केंद्रात. महिन्यातून दोनेक वेळा बाबांना घेऊन यवतमाळ. पोरगी नागपूरला शिकते, तिकडे सणावाराला. त्यानं काय फरक पडते?

पुसद_गॅरेज
तिथंच सगळा फरक पडते. मंग नवी डिझेल घेऊ नका.
बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते. जाळी भरली का गाडी स्वतः जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी जाळते, त्यासाठी आतमध्ये सहाशे डिग्रीच्या आसपास तपमान लागते. ते होते कधी, तं गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं चालली तं. तुमचं चार किलोमीटरमध्ये इंजिन गरमच होत नाही. जाळणं सुरू झालं का तुम्ही चावी बंद करता. असं वारंवार झालं का न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची लेव्हल वाढते, डॅशवर दिवा लागते. मंग लोक येतात म्हणतात गाडी ओढत नाही. अशी एक उंच डिझेल गाडी, कंपनीचं नाव घेत नाही, मालक रोज घर ते दुकान चालवत होता. जाळीचा खर्च ऐकून त्यानं गाडीच विकली.
तुमच्या २०१४ च्या डिझायरले ही जाळी नव्हतीच. म्हणून ती तुमच्या चार किलोमीटरवर निभली. नवी डिझेल तशी निभणार नाही, कोणाचीबी घ्या.

बोलेरोवाला_उमरखेड
माझ्या बोलेरोले काही नाही झालं.

पुसद_गॅरेज
तुमची गाडी रोज उमरखेडहून नांदेडले जाते, तिची जाळी रस्त्यावरच साफ होते. तुमच्यासाठी डिझेलच बरोबर हाये. या भाऊचं तसं नाही.

मूळचा_वणीचा_आता_पुण्यात
गॅरेजवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. लोक लिटरचा भाव पाहून इंजिन निवडतात, फेरी किती लांबीची आहे हे कोणी विचारत नाही.

आर्वीचे_गुरुजी
मग रोज आठ किलोमीटर आणि मधूनमधून यवतमाळ, हे इलेक्ट्रिकचंच काम आहे. माझ्याकडे २४ किलोवॅट-अवरची टिआगो ईव्ही आहे, शाळेत जाण्यायेण्याला. एकदा पूर्ण चार्ज केली की खरोखरचे १८० ते २०० किलोमीटर मिळतात, कंपनी सांगते तेवढे नाही, हे आधीच सांगतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावतो. तुम्हाला उंच पाहिजे तर पंच ईव्ही, २५ आणि ३५ किलोवॅट-अवर अशा दोन बॅटऱ्यांत आली. ३५ वाली साध्या सॉकेटवर रिकामीची पूर्ण भरायला बारा तासांच्या वर लागतात, पण रोज आठ किलोमीटर चालवणाऱ्याला ती रिकामी होणारच नाही. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, उष्णता बरी सोसते, आणि पाण्याच्या कूलिंगची. आमच्या वर्ध्याच्या ४५ डिग्रीतही मला अडचण आली नाही. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची बॅटरी वॉरंटी आहे. ना ऑइल, ना क्लच, ना जाळी. मी मनापासून सांगतो, घ्याच.

संत्रापट्टा
गुरुजी, आर्वीत लाईन असते. खेड्यात असते का? आमच्याकडे संध्याकाळी पंखा फिरत नाही इतका व्होल्टेज पडतो.

आर्वीचे_गुरुजी
मध्यरात्रीनंतर व्होल्टेज सुधारतो. टायमर लावता येतो. मात्र अर्थिंग पक्कं पाहिजे, नाहीतर चार्जर सुरूच होत नाही.

कास्तकार_दारव्हा
शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनवर लावता येईल का? तिथं थ्री फेज आहे.

आर्वीचे_गुरुजी
अजिबात नको. कृषिपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. दंडाचं बिल येईल. घरच्या मीटरवरच लावा, आणि युनिट वाढून वरचा स्लॅब लागतो असं दिसलं तर चार्जिंगसाठी वेगळं मीटर मागता येतं.

समृद्धी_रोजचा
ईव्ही घेतली तर २०२५ च्या राज्याच्या धोरणात समृद्धीवर टोलमाफी लिहिलेली आहे. तुम्ही कारंज्याला चढू शकता. मात्र समृद्धीवर जाण्याआधी टायरची हवा आणि बनल्याची तारीख दोन्ही पाहा. काँक्रीट, वरून ऊन, ताशी १२० ची मर्यादा. जुने टायर तिथे फुटतात. चार जणांच्या गाडीत मागच्यांनीही बेल्ट लावावा, ही हात जोडून विनंती.

शकुंतलेचा_प्रवासी
दारव्ह्याचं नाव वाचून राहवलं नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून जायची. ती नॅरोगेज सुरू असती तर बाबांना यवतमाळला न्यायला गाडीच लागली नसती. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज दारव्हा, दिग्रसवरून येते आहे. ती लवकर व्हावी.

समृद्धी_रोजचा
शकुंतलेला यवतमाळ गाठायला किती वेळ लागायचा तेही सांगा. आजारी माणसाला त्यात बसवाल?

संत्रापट्टा
रेल्वेचा वेगळा धागा काढा कृपया.
कास्तकार भाऊ, दोन गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात गाडी पांदणीनं शेतात नेता का? आणि बाबांना यवतमाळला कशासाठी नेता?

कास्तकार_दारव्हा
पावसाळ्यात नाही नेत. मृगापासून दसऱ्यापर्यंत पांदण बंदच, ट्रॅक्टरनं जातो. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांना दाखवायला जातो. डिझायरमध्ये बसता-उठताना त्यांचे फार हाल होतात, दोघांनी धरून काढावं लागते. गाडी बदलण्याचं खरं कारण तेच आहे.

संत्रापट्टा
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं. आता अल्ट्रोझही बाद, ती सीटच्या उंचीनं डिझायरच्या जवळचीच. आणि बोलेरोत चढायला पायरी उंच, गुडघ्याच्या माणसाला ती वेगळी शिक्षा. तुम्हाला अशी गाडी हवी जिची सीट बाबांच्या कमरेच्या उंचीला येते, म्हणजे खाली बसायचं नाही आणि वर चढायचंही नाही. पंच, एक्स्टर, नेक्सॉन यांच्यातली. पंचचे दरवाजे जवळपास काटकोनात उघडतात, म्हाताऱ्या माणसाला त्याचा खूप आधार होतो.

बोलेरोवाला_उमरखेड
हे मान्य. पांदण बंद असंल आणि बाबांचे गुडघे असतील तं मी बी बोलेरो सांगणार नाही. माय-बापाचं आधी पाहा.

मूळचा_वणीचा_आता_पुण्यात
सीएनजीचंही संपवून टाकू. पंच आणि एक्स्टर दोन्हींत दोन लहान सिलिंडरचा प्रकार येतो, त्यामुळे डिकी बरीच वाचते, व्हीलचेअर किंवा वॉकर मावतो. टाटाची गाडी थेट गॅसवर सुरू होते. पण गॅसवर पंचचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, तुमच्या डिझायरचा १९०. हा फरक घाटात कळेल. पंच सीएनजीत स्टेपनी गाडीखाली गेली आहे, पंक्चर झालं तर मातीत झोपून काढावी लागते. आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी. गॅसचा पंप किती दूर आहे?

कास्तकार_दारव्हा
दूर आहे, आणि तिथं रांग असते.

पुसद_गॅरेज
मंग सीएनजी सोडा. रोजच्या चार किलोमीटरसाठी गॅसच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. दोनच उरल्या, पंच साधी पेट्रोल नाहीतर पंच ईव्ही. नागपूरची एक फेरी सोडली तं ईव्ही सगळं करते. नागपूरले जाताना वर्ध्यात किंवा यवतमाळात चार्जर चालू हाये का, निघण्याआधी फोन करून विचारजा. ॲपवर दिसते म्हणून भरवसा ठेवू नका.
एक आणखी. गाडी गोठ्याजवळ उभी करता का? ढेप, कुटार जवळ असंल तं उंदीर येतातच, आणि वायरी कुरतडतात. पेट्रोल असो का बॅटरी, ढेपेची खोली गाडीपासून दूर करा. माझ्याकडं दिवाळीनंतर येणाऱ्या कामात हे लय असते.

अमरावती_कॅम्प
टॅक्सचंही पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून २९ होता. ईव्हीवर पाचच टक्के. जुना कोटेशनचा कागद कोणी दाखवला तर नवा मागा.

कास्तकार_दारव्हा
सर्वांचे आभार. डिझेल मनातून काढलं. उद्या बाबांना यवतमाळला नेऊन पंच आणि एक्स्टर दोन्हींत बसवून पाहतो, ते म्हणतील तीच. पंच ठरली तर पेट्रोल की बॅटरी हे घरच्या लाईनवर ठरवीन. वायरमनला शुक्रवारी बोलावलं आहे. गुरुजी, त्याला नेमकं काय तपासायला सांगू?

आर्वीचे_गुरुजी
मीटरपासून सॉकेटपर्यंत वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की बंद पडतो) आणि आरसीसीबी (करंट गळला की बंद पडतो). अर्थिंगचा खड्डा नवा करायला सांगा, जुन्यावर भागवू नका. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीनच्या वर नको. फेजचा व्होल्टेज रात्री बारानंतर तुम्ही स्वतः मोजा, दिवसाचा आकडा कामाचा नाही. सॉकेट छताखाली, जनावरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर. रात्रीचा आकडा इथे टाका, मग सांगतो.