शिवराज पाटील आणि बंदगळ्याचा किस्सा

२००८च्या मुंबई हल्ल्यावेळी केंद्रीय गृहमंत्री असलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांच्या अपयशाचा पुरावा म्हणून, सप्टेंबर २००८च्या दिल्ली स्फोटांनंतर त्यांनी एका संध्याकाळी अनेकदा कपडे बदलल्याच्या बातम्यांचा दाखला दिला जातो. जनमत त्यांच्यावर रुसले ते तिथेच, हे खरे. पण बंदगळा कोट हा काही गृहमंत्र्याला जोखण्याचा निकष नव्हे. त्यांच्याच मंत्रालयाखालील एनएसजीचे (नॅशनल सिक्युरिटी गार्ड या दहशतवादविरोधी दलाचे) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरला असल्यामुळे २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्याला भिडण्यासाठी ते मुंबईत पोहोचेपर्यंत पहाट उलटली, हा आक्षेप कितीतरी गंभीर आहे. एनएसजीची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली ती २००९मध्ये, म्हणजे ३० नोव्हेंबर २००८ला पाटलांनी राजीनामा दिल्यानंतर. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार नारायणन मात्र जानेवारी २०१०पर्यंत पदावर राहिले आणि त्यांच्याबद्दल लोकांत फारशी चर्चाही झाली नाही.