जुन्या प्रेमाची माफी इतक्या वर्षांनी मागावी का?

पारवा: विषय एका मित्रावरून सुचला. "घरी कधी सांगतोस?" असं ती विचारायची, हा "बघू" म्हणायचा. एक दिवस तिने विचारणंच सोडलं. आता दोघांचे संसार वेगळे, पण हा रात्री तिच्या नावापुढे मेसेज लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. माझं मत: पाठवून टाकावा. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात हेच मांडलंय. केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप सुरुवातीला जास्त टोचतो, पण न केलेल्या गोष्टीची रुखरुख वर्षानुवर्षं पुरते.

रोखठोक: अजिबात पाठवू नये. रुखरुख त्याची, ती तिने का निस्तरायची? आणि तिचं उत्तर आलं नाही की "वाचलंय, मग बोलत का नाही" हे नवीन दुखणं सुरू. म्हणजे माफीच्या नावाखाली पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी हवंय. माणसाला काय सलतं ते अभ्यासात आहे, म्हणून तिला मेसेज करा असं कुठे म्हटलंय?

सांजवेळ: पण नुसतं "विसर" म्हणून कोण विसरलंय? मानसशास्त्रज्ञ वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग आहे ना, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं तर लोकांच्या डोक्यात तेच येत राहिलं. प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या गटाने २०१० साली प्रेमभंग झालेल्या १५ जणांचे मेंदू तपासले. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो बघताना व्यसनाच्या ओढीशी संबंधित भाग जागे झालेले दिसले. मी म्हणेन, सगळं लिहून काढावं, पाठवू नये.

रोखठोक: व्यसन म्हणताय, तर मग "एकदाच बोलतो" यावर कोण विश्वास ठेवणार?

पारवा: ते पंधराही जण ताज्या प्रेमभंगातले होते हो. इथे ओढ कधीच ओसरलीय, उरलाय तो अपराधीपणा. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

मूकवाचक: सहसा लिहीत नाही, पण असा मेसेज मला आला होता. राग नाही आला. त्यात "परिस्थितीच तशी होती" असं होतं, तिथेच माझं मन उडालं. "मी घाबरलो" एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पुढे म्हणे, "पाऊस आला की तू आठवतेस, तुला किती आवडायचा." मला पाऊस कधीच आवडला नाही! हा माणूस इतकी वर्षं नक्की कुणासाठी झुरत होता, देव जाणे.

सांजवेळ: बाप रे. हे पावसाचं भारी आहे.

पारवा: म्हणजे नीट, सबबी न सांगता लिहिला तर चालेल?

मूकवाचक: माझ्यापुरतं, हो. पण तो मेसेज नवऱ्याला दाखवू की नको, यात माझे दोन दिवस गेले, तेही धरा. तुमच्या मित्राने आधी तो बायकोला वाचून दाखवावा आणि मग खुशाल पाठवावा.

पारवा: विचारतो त्याला. तयार होईल असं वाटत नाही.

रोखठोक: मग मिटलं की!