मदत हवी आहे : आरशांच्या खोल्यांच्या प्रदर्शनाला आईला कधी न्यावे?

जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी १९६५ मध्ये आपली आरशांची पहिली खोली उभारली. तशाच, प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून घेणाऱ्या मांडणशिल्पांचे प्रदर्शन मी नुकतेच पाहिले. दीड तास रांगेत उभे राहिल्यावर आत जेमतेम अर्धे मिनिट मिळाले, आणि तेही समोरच्यांनी उंचावलेल्या मोबाइलच्या उजेडात गेले. आरशावरचे बोटांचे ठसे तेवढे स्पष्ट दिसले. आता आईला न्यायचे आहे. तिचे गुडघे दुखतात, अंधारात तोल जातो, तरीही ते अंतहीन वाटणारे दिवे तिने निवांत पाहावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. अशा ठिकाणी गर्दी कमी केव्हा असते, उघडताच की शेवटच्या तासात? लुकलुकणारा प्रकाश, बसण्याची सोय आणि खोलीतला वेळ वाढवून मिळणे याबद्दल आयोजकांशी आधी बोलता येते का? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.