मदत हवी आहे: माहेश्वरी साड्यांच्या विक्रीसाठी स्वाइप मशीन घ्यावं की ऑनलाइन पेमेंटची सोय करावी?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. सासूबाई आणि मी घरूनच माहेश्वरी साड्या विकतो. महेश्वरचे विणकर ठरलेले आहेत, माल थेट त्यांच्याकडून येतो. किमती साधारण तीन ते नऊ हजार. सहा हजारांच्या साडीमागे आम्हाला पाच-सहाशे सुटतात, त्याहून जास्त नाही.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. घरी येणाऱ्या बायका, ज्या गादीवर ठाण मांडून वीस साड्या उलगडायला लावतात, बुगडीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेसता येणारा, काठ उलटा-सुलटा करून बघतात आणि मग एक घेतात. दुसरी पुणे, ठाणे, नागपूरकडची. त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे, पैसे आले की पार्सल. तिसरी प्रदर्शनातली, म्हणजे ढक्कनवाला कुआंच्या ग्रामीण हाट बाजारात स्टॉल लावतो तेव्हाची.

आत्तापर्यंत रोख आणि माझ्या फोनवरचं यूपीआय, एवढ्यावर भागलं. आता बँकेचा माणूस स्वाइप मशीन घ्या म्हणून मागे लागलाय, त्याचं महिन्याचं भाडं वेगळं. भाचा म्हणतो, मामी, वेबसाइट काढ आणि पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन कार्ड-यूपीआयचे पैसे घेऊन देणारी सेवा, लाव. आमच्या ह्यांचं म्हणणं, क्यूआर आहे की, दोन टक्के कशाला फुकट घालवायचे? तिघांचंही ऐकून डोकं पिकलंय. व्यवसायात असलेल्यांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

खातेवही
ताई, ह्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रूपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराच्या पैशातून कापली जाणारी फी, शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के. म्हणजे सहा हजारांच्या साडीला 24 रुपये, काही बिघडत नाही.

खरं दुखणं क्रेडिट कार्डाचं, तिथे अशी मर्यादाच नाही. दोन टक्के धरले तर 120 रुपये, त्या फीवर 18 टक्के जीएसटी 21 रुपये 60 पैसे. एकूण 141 रुपये 60 पैसे. पाच-सहाशेच्या नफ्यातला चौथा हिस्सा गेला की! समोर बसलेल्या बाईने कार्ड चालत नाही म्हणून खरेदी सोडली असती का, हे आधी बघा. सोडली नसती तर ते पैसे उगाच गेले.

आणि हो, क्यूआरवर सगळंच फुकट असतं असं नाही. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी दोन हजारांच्या वर दिले तर फी लागते. तुमच्या सगळ्याच साड्या त्यात येतात.

तुकोगंजकर
घरच्या गिऱ्हाइकांसाठी मशीनच्या फंदात पडू नका. मात्र स्वतःच्या खाजगी यूपीआयवर धंदा चालवणंही बंद करा. धंद्याच्या नावाचा मर्चंट क्यूआर काढा, चालू खात्याला जोडा, आणि सोबत पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स घ्या. घरात साउंडबॉक्स कशाला म्हणाल, पण प्रदर्शनात समजेल. गर्दीत कोणी फोन डोळ्यासमोरून फिरवून "पेमेंट झालं बघा" म्हणतं, आणि तो स्क्रीनशॉट कालचा असतो. आमच्या कपड्यांच्या दुकानात (एमटी क्लॉथ मार्केट) नियमच आहे, डबा बोलल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. जाता-येता क्यूआरवरही नजर टाका, वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग आहेत.

रेवाकाठ
धन्यवाद दोघांनाही. घरचं आणि स्टॉलचं कळलं. पण पुण्या-ठाण्याच्या लोकांचं काय करू? ओळखीतून आलेल्या बायका यूपीआय करतात. परवा मात्र एका अगदीच अनोळखी बाईंनी विचारलं, "क्रेडिट कार्डाने घेता का? माल नाही आला तर मी कोणाकडे जाऊ?" मला उत्तर सुचेना.

पार्सलवाली_वहिनी
त्या बाईंचा प्रश्न रास्त आहे, राग मानू नका. अनोळखी माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवावा म्हणूनच ऑनलाइन कार्डाची सोय लागते. त्या दोन टक्क्यांत तुम्ही तो विश्वास विकत घेता असं समजा. वेबसाइटची घाई नको. गेटवेवाले पेमेंट लिंक देतात, ती व्हॉट्सॲपवर टाकली की कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं चालतं. पॅन, बँक खातं आणि धंद्याचा एखादा कागद, उद्यमची (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी वगैरे, हाताशी ठेवा. सही करण्याआधी विचारून घ्या की लिंकवरून आलेल्या यूपीआयलाही ते स्वतःची फी लावतात का. काही लावतात. पैसे खात्यात कधी येणार तेही विचारा, कारण क्यूआरसारखे लगेच येत नाहीत, एक-दोन दिवस जातात. विणकराला आगाऊ द्यायचे असतील तर ते जाणवतं.

आता चार्जबॅकचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँक तुमच्याकडून पैसे परत घेते त्याचं, नीट वाचा. समोर मशीनमध्ये कार्ड घालून पिन टाकला तर "मी घेतलंच नाही" म्हणायला जागा उरत नाही. ऑनलाइनमध्ये ओटीपीमुळे कार्डचोरीचा भार बहुतेक वेळा तुमच्यावर येत नाही, पण "माल मिळाला नाही" किंवा "फोटोत दाखवला तसा नाही" अशी तक्रार कार्डाच्या बँकेकडे गेली की पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. साडीत रंगावरून हमखास वाद होतो. मी पाठवण्याआधी साडी दिवसाच्या उजेडात उलगडून पदरापासून काठापर्यंत व्हिडिओ काढते, तोच गिऱ्हाइकाला पाठवते, "हीच पाठवा" असं लिहून घेते, आणि मगच घडी घालते. कुरिअरची पावती आणि पोच त्याच चॅटमध्ये. एकदा असा वाद त्या व्हिडिओवर निकालात निघाला. परत घेणार की नाही, किती दिवसांत, येण्याचा खर्च कोणाचा, हे लिंकसोबतच लिहून टाका. पैसे परत केले तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही.

खातेवही
एक महत्त्वाचं राहिलं. ताई, तुम्ही जीएसटीत आहात का? राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, सर्वसाधारण नियमाने नोंदणी लागते. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, राहून मध्य प्रदेशाबाहेर विक्री करता येत नाही. हातमागाच्या काही वस्तूंना सवलती आहेत, त्यात तुमचा माल बसतो का ते सीएकडून बघून घ्या. 2025 मध्ये बंगळुरात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा "फोनवरचं कोण बघतंय" या भ्रमात राहू नका. डिजिटल पैसे घेण्यात फायदाही आहे. आयकरात छोट्या धंद्यांसाठी अंदाजाने नफा धरायची पद्धत आहे, तिच्यात रोख विक्रीवर नफा किमान 8 टक्के धरतात, बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर 6 टक्के.

रेवाकाठ
जीएसटी नंबर सासूबाईंच्या नावावर आहे, कंपोझिशन की साधा ते उद्याच बघते. मर्चंट क्यूआर आणि पेमेंट लिंक एवढ्यावर सुरुवात करेन म्हणते. शेवटचा प्रश्न, प्रदर्शनात कार्ड काढणारे थोडे असतात पण असतात, आणि नेमक्या महागाच्या साड्या तेच घेतात. चार दिवसांसाठी वर्षभराचं मशीन घेणं परवडेल का?

तुकोगंजकर
नाही परवडणार. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी (जवळ टेकवलेलं कार्ड वाचायची सोय) असेल तर फोनलाच कार्ड टेकवून पैसे घेता येतात. काही बँका आणि पेमेंट कंपन्या तसं ॲप देतात, त्याला सॉफ्टपॉस म्हणतात. पाच हजारांपर्यंत पिनशिवाय, वर गेलं की फोनच्या स्क्रीनवरच पिन टाकायचा. फी क्रेडिट कार्डाची लागेल तीच, भाडं मात्र वाचतं. ॲप आदल्या आठवड्यात सुरू करून स्वतःच्या कार्डाने दहा रुपये घेऊन बघा, आणि स्टॉलवर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. संध्याकाळी गर्दीत एकाची रेंज जातेच.