मदत हवी आहे: अमेरिकी ड्रम कोरांची गमतीशीर नावं मराठीत कशी द्यावीत?

अमेरिकेतल्या ड्रम अँड ब्यूगल कोरांच्या (ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवत मैदानात कवायत करणाऱ्या पथकांच्या) नावांवर अर्ध्या तासाची प्रश्नमंजूषा बसवायची आहे. श्रोते मराठी, पडद्यावर फक्त देवनागरी, एका नावाच्या खुलाशाला फार तर दोन ओळी.

बरीच नावं गावावरून उलगडतात. टोलेडो हे काचेच्या कारखान्यांचं शहर, म्हणून तिथले ग्लासमेन. कँटनचे ब्लूकोट्स म्हणजे निळ्या कोटातले पोलीस. रसीनचे किल्टीज किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घालायचे, विषय संपला.

भाषांतर करून पाहिलं. 'काचवाले' म्हटलं की भंगारवाला आठवतो, 'ग्लासमेन' ठेवलं तर लोक पेल्यावर जातात. मँडरिन हे संत्र्याच्या एका जातीचंही नाव, पण सॅक्रामेंटोच्या मँडरिन्सना 'संत्री' म्हणणं तर साफ चूक. १९६३ सालचं ते पथक मुळात चिनी-अमेरिकी मुलांचं. हॉथॉर्नचे मुचाचोस मात्र 'पोरं' म्हणून झकास बसतात (शब्द स्पॅनिश आहे).

खरी अडचण 'कोर' या शब्दाची. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'कॉर्प्स' लिहिलं की लोक प आणि स दोन्ही उच्चारतात आणि ऐकणाऱ्याला प्रेत (इंग्रजी 'कॉर्प्स') आठवतं. नुसतं 'पथक' म्हटलं की ढोल-ताशा डोळ्यांपुढे येतो. 'बिगुल पथक'ही अर्धसत्यच, कारण २००० पासून डीसीआयच्या (ड्रम कोर इंटरनॅशनल, या कोरांच्या स्पर्धा भरवणारी संस्था) स्पर्धेत 'जी' (G) स्वराच्या ब्यूगलची सक्ती उरलेली नाही, बी-फ्लॅटचे ट्रम्पेटही चालतात.

'बँड' सुचवू नका, लग्नाची वरात होईल. तर मूळ नाव तसंच ठेवून 'कोर'साठी कोणता एक मराठी शब्द शेवटपर्यंत वापरावा? आणि ज्यांच्या नावामागचं कारण दोन ओळींत सांगता येईल असे आणखी कोणते कोर घ्यावेत?